उत्तरायुष्याची तरतूद

धावणे, तंदुरुस्ती आणि दीर्घकालीन आरोग्य या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर

मध्यमवर्गीय मराठी माणूस हा स्वभावतःच तरतूद करणारा माणूस आहे. पहिल्या पगारापासून तो भविष्य निर्वाह निधीचा हिशेब ठेवतो, विम्याचा हप्ता चुकवत नाही, मुलांच्या शिक्षणासाठी मुदतठेव बाजूला काढतो आणि निवृत्तीपूर्वी स्वतःचे घर व्हावे म्हणून वीस-वीस वर्षे कर्ज फेडतो. या दूरदृष्टीचे कौतुकच केले पाहिजे. परंतु ज्या पायांनी त्या घराचा जिना चढायचा आहे, ज्या हातांनी नातवंडाला उचलून घ्यायचे आहे, त्या देहाच्या खात्यावर मात्र पस्तिशीनंतर केवळ खर्च पडत राहतो; जमेच्या रकान्यात काहीच येत नाही.

सार्वजनिक कामात स्वतःला झोकून देणाऱ्या कार्यकर्त्याची स्थिती तर याहून चिंताजनक असते. किशोरवयात मैदान गाजवलेला आणि रोज शंभर बैठका मारणारा तरुण पुढे केवळ बैठकांना बसू लागतो. प्रवास, जागरणे, घरोघरी होणारा आग्रहाचा चहा आणि अवेळी जेवण हे त्याच्या दिनक्रमाचे अविभाज्य भाग होतात. पन्नाशीत रक्तदाबाची गोळी सुरू होते, मागोमाग मधुमेहाचे निदान होते आणि 'कामाचा ताण फार' असे म्हणून विषय संपवला जातो. वस्तुतः ताण हे अर्धेच कारण असते. उरलेल्या अर्ध्या कारणाविषयी गेल्या सत्तर वर्षांत क्रीडाविज्ञानाने आणि वैद्यकाने अत्यंत चिकाटीने संशोधन केले आहे. ते संशोधन काय सांगते, याचा विचार आज करावयाचा आहे.

दुमजली बसमधील शोध

या शास्त्राची सुरुवात ना क्रीडांगणावर झाली, ना व्यायामशाळेत. ती झाली लंडनच्या दुमजली बसमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि त्यामागचे कारण कोणालाच नीट उलगडत नव्हते. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने लंडनच्या परिवहन सेवेतील सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. एकाच बसमध्ये, एकाच शहराच्या धुरात आणि साधारण एकाच आर्थिक स्तरात काम करणारे दोन कर्मचारी. एक चालक, दुसरा वाहक. चालक दिवसभर आसनावर बसून, तर वाहक तिकिटे देण्यासाठी पाळीमध्ये ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा-उतरणारा. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. ज्यांना झटका आला त्यांच्यातही चालकांचा विकार अधिक घातक ठरत होता. टपाल खात्यातही तेच चित्र दिसले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारा पोस्टमन टेबलाशी बसून काम करणाऱ्या कारकुनापेक्षा अधिक सुरक्षित होता.

चिकित्सक मनाला इथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. जे मुळातच सडपातळ व निरोगी, तेच वाहकाचे काम पत्करत असतील, तर? ही शंका मॉरिस यांनीच सर्वांआधी उपस्थित केली. गणवेशाच्या मापांच्या नोंदी त्यांनी धुंडाळल्या आणि चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी असल्याचे १९५६ साली प्रसिद्धही केले. म्हणजे प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. आपल्याच निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा स्वतः शोधून जगापुढे ठेवणे, ही खरी शास्त्रीय वृत्ती होय.

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर अमेरिकेतून आले. राल्फ पॅफेनबार्गर यांनी प्रथम सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा आणि नंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळपास १७ हजार माजी विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचा १९७८ सालचा एक निष्कर्ष प्रत्येक माजी खेळाडूने लक्षात ठेवावा असा आहे. महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या, पण पुढे व्यायाम सोडलेल्या पदवीधरांना हृदयविकारापासून संरक्षण मिळाले नाही. उलट तरुणपणी कधी मैदानावर न गेलेले, पण पुढे नियमित व्यायाम करू लागलेले पदवीधर अधिक सुरक्षित राहिले. तरुणपणीच्या पदकांवर पन्नाशीत व्याज मिळत नाही, असा याचा अर्थ. व्यायामाचे पुण्य साठवून ठेवता येत नाही, ते रोज नव्याने कमवावे लागते.

मॉरिस आणि पॅफेनबार्गर या दोघांना १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडाविज्ञानाचा पहिला पुरस्कार विभागून देण्यात आला. दोघांनीही आपले संशोधन स्वतः आचरले. पॅफेनबार्गर चाळिशी उलटल्यावर धावू लागले आणि पुढे मॅरेथॉन शर्यती धावले. मॉरिस २००९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे वय ९९ होते.

देहाच्या आत घडते काय?

धावताना शरीरात नेमके काय घडते, याची पहिली शास्त्रशुद्ध मोजमापे १९२०च्या दशकात आर्चिबाल्ड हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केली. स्नायूंवरील संशोधनासाठी त्यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. हिल स्वतः धावपटू. उच्छ्वासाची हवा पिशवीत गोळा करत ते स्वतःच धावले आणि एक महत्त्वाचे तत्त्व त्यांनी मांडले. वेग वाढत गेला की शरीर अधिकाधिक प्राणवायू वापरू लागते. परंतु एका मर्यादेनंतर कितीही जोर केला तरी त्यात वाढ होत नाही. या कमाल मर्यादेला प्राणवायू ग्रहणाची क्षमता म्हणावे. तंदुरुस्ती हा आपल्याकडे ढोबळपणे वापरला जाणारा शब्द आहे. त्याला शास्त्राने दिलेले मोजमाप हेच.

ही क्षमता अनेक अवयवांच्या सहकार्यावर अवलंबून असते. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जोरकस श्रमात हे प्रमाण चौपट होऊ शकते आणि कसलेल्या धावपटूत त्याहून अधिक. नियमित धावण्याने हृदयाची डावी जवनिका अधिक प्रसरणशील होते, एकेका ठोक्यात जास्त रक्त पुढे जाते आणि म्हणूनच धावणाऱ्याची विश्रांतीतील नाडी संथ असते. स्नायूंमध्येही बदल घडतात. जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना ट्रेडमिलवर धावायला लावून दाखवून दिले की, पेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची कार्यशक्ती प्रशिक्षणाने जवळपास दुप्पट होऊ शकते. ज्या गिरणीत प्राणवायू आणि अन्न यांपासून शक्ती तयार होते, ती गिरणीच मोठी होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याच्या उलट प्रयोग अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झाला. विशीतील पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. एकवीस दिवसांत त्यांची प्राणवायू ग्रहणक्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. त्याच पाच जणांना संशोधकांनी तीस वर्षांनंतर, १९९६ साली, पुन्हा बोलावले. तोवर ते पन्नाशीचे झाले होते, वजन वाढले होते, शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जितके नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान विशीतील त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते! पुढचा भाग अधिक आशादायक आहे. चालणे, हलके धावणे आणि सायकल यांचा हळूहळू वाढवत नेलेला सहा महिन्यांचा कार्यक्रम त्यांना देण्यात आला. त्यानंतर त्यांची क्षमता विशीत प्रयोगापूर्वी होती तिथवर परत आली. पाचच माणसांचा हा प्रयोग, पण त्याने एक गोष्ट ठसठशीतपणे दाखवली. ज्याला आपण वार्धक्य म्हणतो, त्यातील मोठा हिस्सा वस्तुतः निष्क्रियतेचा असतो.

किती धावावे?

हे सारे ऐकल्यावर सामान्य गृहस्थ म्हणतो, 'एवढा वेळ आहे कोणाला?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच द्यावयास हवे.

डॅलस येथील कूपर संस्थेच्या नोंदींवरून स्टीव्हन ब्लेअर व सहकाऱ्यांनी १९८९ साली १३ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांची ट्रेडमिलवर तपासणी करून, तंदुरुस्तीनुसार त्यांचे पाच गट पाडून, सरासरी आठ वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. सर्वांत तळाच्या गटातील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या गटाच्या तिपटीहून अधिक होता. परंतु लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, मृत्युदरातील सर्वांत मोठी घट तळाचा गट आणि त्याच्या लगेच वरचा गट यांच्यात होती. अर्थात खरा लाभ अजिंक्यवीर होण्यात नाही, तर अगदी तळातून एक पायरी वर चढण्यात आहे. याच संशोधकांनी १९९५ साली आणखी एक दुवा जोडला. पहिल्या तपासणीत तळाशी असलेले जे पुरुष पुढच्या तपासणीपर्यंत तंदुरुस्त झाले, त्यांच्या मृत्यूची जोखीम तळाशीच राहिलेल्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी आढळली.

धावण्यापुरते बोलायचे, तर २०१४ सालचा एक अभ्यास अवश्य सांगितला पाहिजे. ५५ हजारांहून अधिक प्रौढांचा सुमारे पंधरा वर्षे मागोवा घेतला असता, धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा लाभ दिवसाला अवघी पाच ते दहा मिनिटे, तेही ताशी दहा किलोमीटरहून कमी वेगाने धावणाऱ्यांनाही मिळाला होता. पुढे २०१९ साली चौदा अभ्यासांचा, म्हणजे २ लाख ३२ हजार लोकांचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही धावणाऱ्यांची मृत्यूची जोखीम २७ टक्क्यांनी कमी होती आणि जास्त धावल्याने लाभ वाढतच जातो, असे मात्र दिसले नाही. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, जो धावतो तो बहुधा सिगारेटही ओढत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. संशोधक अशा गोष्टींची वजावट करतात, तथापि ती कधीच शंभर टक्के होत नाही. मात्र बसचा वाहक, गोदीचा हमाल, हार्वर्डचा पदवीधर आणि प्रयोगशाळेतील उंदीर अशा भिन्न साक्षीदारांची साक्ष एकाच दिशेने जात असेल, तर न्यायासनावर बसलेला कोणीही तिची दखल घेईल.

प्रश्न केवळ वर्षांचाही नाही. नव्वद वर्षे जगून त्यातील पंधरा वर्षे परावलंबी अवस्थेत काढावी लागणार असतील, तर ते दीर्घायुष्य वरदान म्हणावे की शाप? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स फ्राईज यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. १९८४ साली त्यांनी पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावणाऱ्यांची आणि ४२३ न धावणाऱ्यांची पाहणी सुरू केली. एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मृत्यू पावले होते, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. त्याहून बोलके असे की कपडे घालणे, खुर्चीतून उठणे, चालणे अशा दैनंदिन व्यवहारांतील अडचणी धावणाऱ्यांच्या वाट्याला जवळपास सोळा वर्षे उशिरा आल्या. ज्या घरात एकच मुलगा आहे आणि तोही परदेशी, त्या घरातील पती-पत्नीने या सोळा वर्षांचे मोल कोणत्या चलनात करावे?

गुडघे आणि हृदय : दोन भये

धावण्याचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला गुडघ्यांचा. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायांवर येतो, तेव्हा सांध्यातील कूर्चा झिजणारच, असा सर्वसाधारण समज आहे. स्टॅनफर्डच्याच अभ्यासातील ४५ धावणारे आणि ५३ न धावणारे यांच्या गुडघ्यांची क्ष-किरण छायाचित्रे अठरा वर्षे काढण्यात आली. शेवटी धावणाऱ्यांपैकी २० टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांत झीज आढळली. नमुना लहान असल्याने धावण्याने गुडघे सुधारतात, असा दावा करता येणार नाही. परंतु मनोरंजनापुरते धावल्याने निरोगी गुडघे खराब होतात, या समजाला त्यातून आधार मिळत नाही. सांधा म्हणजे मोटारीचा टायर नव्हे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब येणे आणि सुटणे या क्रियेतूनच तिच्यात पोषक द्रव खेळता राहतो. अर्थात ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला आहे, जुनी इजा आहे किंवा वजन फार आहे, त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने चालणे, पोहणे किंवा सायकल यांकडे वळावे, हेच इष्ट.

दुसरा आक्षेप हृदयाचा. अमेरिकेत धावण्याची लाट आणणाऱ्या लेखकांपैकी एक असलेले जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धावतानाच कोसळून मरण पावले आणि बसून राहणाऱ्यांना जणू हक्काचा दाखला मिळाला. पण पूर्ण वस्तुस्थिती अशी आहे की, पस्तिशीपर्यंत फिक्स लठ्ठ होते, दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या मोठ्या प्रमाणात अवरुद्ध आढळल्या. याच्या अगदी उलट उदाहरण बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणाऱ्या क्लॅरेन्स डीमार यांचे. तरुणपणी हृदयाच्या ठोक्यांत दोष ऐकू आल्याने डॉक्टरांनी त्यांना धावणे सोडण्याचा सल्ला दिला होता. ते धावत राहिले आणि १९५८ साली कर्करोगाने निवर्तले. शवविच्छेदनात त्यांच्या रोहिण्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद असल्याचे दिसले. अर्थात एका फिक्सवरून धावणे घातक ठरत नाही आणि एका डीमारवरून ते अमृतही ठरत नाही.

म्हणूनच मोठे आकडे पाहावे लागतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण आणि अर्ध मॅरेथॉनमध्ये सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धक धावले. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर बंद पडले आणि ४२ दगावले. म्हणजे १ लाख ८४ हजारांमागे एक घटना. जोखीम अल्प आहे, पण शून्य नाही. जोरकस श्रमाच्या त्या तासाभरात धोका तात्पुरता वाढतो, मात्र नियमित व्यायाम करणाऱ्याचा दिवसाच्या चोवीस तासांतील एकूण धोका घटतो, हे १९८४ सालीच एका अभ्यासाने दाखवून दिले. धोका सर्वाधिक असतो तो वर्षभर बसून राहून अचानक एका रविवारी शर्यतीत उतरणाऱ्याला. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात अकाली हृदयविकाराचा इतिहास आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, भोवळ, असाधारण धाप यांना 'आज जरा थकवा आहे' असे नाव देऊन दामटून नेणे हे शौर्य नव्हे.

भारतीय देहाची विशेष समस्या

हे सारे पाश्चात्त्यांचे संशोधन. आपल्याला ते कितपत लागू? वास्तविक ते आपल्याला अधिकच लागू आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याने दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आणि 'बीएमआय' या नावाने परिचित असलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही कागदोपत्री सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के! दोघांच्या जीवनशैलीतील फरकही त्यांनी मिश्कीलपणे नोंदवला होता. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे. कारण केवळ व्यायामाचे नाही. गर्भावस्थेतील कुपोषण आणि जन्माच्या वेळचे कमी वजन यांचा यातील वाटा याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणला. पण निष्कर्ष स्पष्ट आहे. भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून मेदयुक्त असू शकतो. वजनकाटा त्याला खोटा दिलासा देतो.

परिणाम समोर आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार, पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ साली ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आहे. घरातील स्त्री दिवसभर राबते, तिला व्यायामाची काय गरज, असे म्हणणाऱ्या कुटुंबप्रमुखांनी हा आकडा विसरू नये. स्वयंपाकघरातील श्रम थकवतात खरे, पण हृदयाला आणि फुप्फुसांना हवे असलेले सलग आव्हान त्यातून क्वचितच मिळते. तिला सकाळचा अर्धा तास मोकळा करून देणे, चहा-डब्याची जबाबदारी तेवढ्यापुरती इतरांनी उचलणे, हीदेखील घराच्या आरोग्याची तरतूदच होय.

उपायाचा पुरावाही भारतीयच आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहारनियमन आणि रोज किमान अर्धा तास झपझप चालण्याचा कार्यक्रम देऊन सातत्याने पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे वजनात फारशी घट झाली नसतानाही हा लाभ झाला. याचे एक कारण स्नायूंत आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक स्नायू होय, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीविनाही साखर ओढून घेऊ शकतो.

योगासने पुरेशी नाहीत का?

हा प्रश्न आपल्या वर्तुळात हमखास विचारला जाईल आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. डॅलस येथेच बेंजामिन लेव्हिन यांनी ४५ ते ६४ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून चार-पाच दिवस चालणे, धावणे, सायकल असा क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम, तर तुलनेच्या गटाला योग, तोल सांभाळण्याचे आणि वजनाचे व्यायाम देण्यात आले. पहिल्या गटाची प्राणवायू ग्रहणक्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाला वयोमानाने आलेला ताठरपणा कमी झाला. दुसऱ्या गटात हा बदल दिसला नाही. यातून योगाचे महत्त्व उणावत नाही. लवचिकता, तोल, श्वासावरील नियंत्रण आणि मनःशांती ही त्याची क्षेत्रे आहेत. परंतु हृदयाला दमवण्याचे काम हृदयाला दमवणाऱ्या व्यायामानेच होते. एका साधनाकडून सर्व कामांची अपेक्षा करणे, हा त्या साधनावरही अन्याय होय.

दमवण्याची मर्यादा कोणती, याविषयी मात्र आपल्या प्राचीन वैद्यकाने नेमका विचार केलेला दिसतो. सुश्रुताने आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा असे सांगितले आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही त्या अर्ध्या बळाची खूण दिली. आजचा प्रशिक्षक नवशिक्याला सांगतो की, सोबत्याशी वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतक्याच वेगाने धावावे. दोन्ही खुणा श्वासावरच बेतलेल्या आहेत आणि दोन्ही कोणत्याही यंत्राविना पाळता येतात.

आरंभ कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हा दुसरा भाग आपण सर्रास विसरतो. त्यासाठी महागड्या व्यायामशाळेची आवश्यकता नाही. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांची परंपरा ज्या समाजाकडे आहे, त्याने ती पुन्हा अंगणात, गच्चीवर आणावी एवढेच पुरे.

ज्याने अनेक वर्षांत धावून पाहिलेले नाही, त्याने पहिल्या दिवशी धावूच नये. तीन-चार आठवडे रोज अर्धा तास झपझप चालावे. मग पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट संथ धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि हे पाच-सहा वेळा करावे. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मधले दिवस विश्रांतीचे, कारण शरीराची बांधणी धावताना नव्हे, तर धावल्यानंतरच्या विश्रांतीत होत असते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि प्रत्यक्ष हाडे यांना मात्र महिने लागतात. दम टिकतो म्हणून अंतर झपाट्याने वाढवणारा उत्साही माणूस दोन महिन्यांत पोटरी वा टाच धरून बसतो, त्याचे कारण या दोन वेगांतील तफावतीत आहे. उन्हाळ्यात पहाटेची वेळ गाठावी, तहान लागेल तसे पाणी प्यावे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मात्र तहानेहून अधिक, घटाघटा पाणी पिणेही घातक असते. रक्तातील क्षाराचे प्रमाण धोकादायकरीत्या घटू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण स्त्रीचा त्यामुळेच मृत्यू झाला होता.

वयाची सबब पुढे करणाऱ्यांनी फौजा सिंग यांचे स्मरण करावे. पंजाबातून इंग्लंडला गेलेल्या या शेतकऱ्याने पत्नी आणि मुलाच्या मृत्यूचे दुःख पचवण्यासाठी धावायला सुरुवात केली आणि २००० साली लंडनची आपली पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. पारपत्रावरील नोंदीनुसार तेव्हा त्यांचे वय ८९ होते. जन्माचा दाखला नसल्याने विक्रमांच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली नाही. जुलै २०२५मध्ये जालंधरजवळील आपल्या गावी, रस्त्यावर पायी फिरत असताना वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. तोवर ते स्वतःच्या पायांवर चालत होते.

बंधू-भगिनींनो, एकट्याने केलेला संकल्प पावसाच्या पहिल्या सरीत विरघळतो, चौघांनी मिळून केलेला टिकतो. प्रत्येक वस्तीत सकाळी सहा वाजता चार घरांचे दरवाजे उघडले आणि स्त्री-पुरुष, मुले, आजी-आजोबा आपापल्या वेगाने बाहेर पडले, तर त्यासाठी ना निधी लागेल, ना कार्यालय. कार्यकर्त्यांनी आपल्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय जरूर घ्यावा आणि शक्य झाल्यास ती बैठक चालता चालताच घ्यावी. समाजासाठी आयुष्य वेचू इच्छिणाऱ्याने आधी ते आयुष्य धडधाकट राखले पाहिजे, कारण जो साठीतच अंथरुणाला खिळतो तो समाजाचे काम करू शकत नाही, आणि त्याचे काम मात्र घरच्या चौघांना करावे लागते. उद्याची सकाळ त्यासाठी मोकळी आहे. पायांत साध्या कापडी बुटांची जोडी आणि सोबत घरातील एखादे माणूस, एवढ्या भांडवलावर आरंभ करता येतो.